जवसाच्या तेलातला मोर

पंचफुला लग्न होऊन बोरीखेड्याला आली, तेव्हा सासरच्या बायांनी रीतीप्रमाणं तिची पेटी उघडून पाहिली. वर लुगडी-चोळ्या, आरसा, फणी, पितळी डबा. आणि डब्याखाली चिंध्यांत बांधलेली मातीची ढेकळं. एक लाल, एक पिवळं, एक पांढरंफटक.

"अव माय! बापानं पोरीले मातीच देली का?" शेजारची रामीबाई म्हणाली, आणि बाया खदखदून हसल्या.

सासू इंदूबाई हसली नाही. तिनं लाल ढेकूळ हातावर घेऊन जोखल्यासारखं वरखाली केलं. "हे कायले व?"

"भितीवर काढाले," पंचफुला मान खाली घालून म्हणाली. "आमच्या वणीकडच्या नाल्यातली हाय, मामी. इकडं भेटते का नाई, म्हून आणली."

"इकडं पऱ्हाटी भेटते," इंदूबाई म्हणाली. "येचाले."

आणि ते खरंच होतं. नव्या महाराष्ट्र राज्याचं ते पहिलंच वर्ष. त्या हिवाळ्यात कापूस असा फुटला, की वेचायला माणूस पुरेना. पंचफुला पहाटेच्या दवात वावरात उतरायची ती दिवस कलल्यावर घरी यायची. ओटीत कापूस, बोटांना बोंडांचे ओरखडे. पण वेचता वेचता तिची नजर भलतीकडेच असायची. पऱ्हाटीचं पान वाळतं तेव्हा आधी कडेनं लाल होतं, मग शिरांमधून जांभळं. ती एखादं पान खुडून पदरात ठेवायची.

"वयनी, पानं कायले येचता?" नणंद बेबी विचारायची. बेबी तिच्याहून थोडीशीच लहान, लग्नाला आलेली, बोलायला मोकळी.

"हा रंग कसा होत असीन, ते पाहाले."

"अन् कळला का?"

"नाई न."

संध्याकाळी भाकरी थापून झाल्या की ती मागच्या भिंतीकडं वळायची. शिंदीची काडी चघळून तिचं टोक मऊ करायचं, तो तिचा कुंचला. माती उगाळायची, बाभळीचा डिंक भिजवून त्यात कालवायची. बोटावर घेऊन आधी नाकाशी न्यायची, मग जिभेला लावायची. डिंक कमी असला तर माती जिभेवर सुटी होते, जास्त असला तर चिकटते; भिंतीवर तसा रंग पुढं तडकतो. सासरा नानाजी बिडी ओढत तिच्याकडं बघत राहायचे. एकदा ते हळूच इंदूबाईला म्हणाले, "सून माती खाते का व?"

"खाऊ द्या. भाकर तरी वाचन," इंदूबाई म्हणाली.

नानाजींनी त्या साली एक हौस केली होती. सागवानाची नवी रेंगी बनवून घेतली होती. रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. बाजूला फळ्या, मागं टेकायला एक उंच फळी. सुतारानं काम चांगलं केलं, पण रंग लावणारा पांढरकवड्याचा रंगारी तापानं पडला तो उठलाच नाही लवकर. आणि इकडं आर्णीकडचे बापूजी आपल्या पोरासाठी बेबीला पाहायला येणार असा निरोप आला. पोरगा बेबीनं मामाच्या गावच्या जत्रेत एकदा पाहिला होता. ती कुणाला काही बोलली नव्हती, पण पंचफुलेला ते कळलं होतं, कारण त्या दिवसापासून बेबी पाण्याला जाताना केस विंचरून जायला लागली होती.

"कोरी गाडी घेऊन व्याह्याले आणाले जाऊ काय?" नानाजी कुरकुरले. "नवी कोण म्हणन तिले?"

पंचफुला चुलीपाशी बसली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "मी रंगवते न, मामाजी."

सगळ्यांनी वळून तिच्याकडं पाहिलं. गाडी रंगवणं हे बाईचं काम कुणी पाहिलं नव्हतं. तिचा नवरा पुंडलिक भिंतीला टेकून बसला होता, तो हसला. "रंगवू द्या, बाबा. नाई जमलं तर धुऊन काढू."

पंचफुलेनं रेंगी रंगवली. दुपारच्या सुट्टीत, संध्याकाळी, सणाच्या दिवशी. चाकांच्या आऱ्यांवर लाल-पिवळे पट्टे, बाजूच्या फळ्यांवर वेली, आणि मागच्या फळीवर, बसणाऱ्याच्या पाठीशी, आतल्या बाजूनं मोर. मोर तिनं आधी कधी एवढा मोठा काढला नव्हता. कपड्याला लावायची निळीची पुडी जवळपास सगळी त्याच्या मानेत गेली. पिवळ्या मातीत थोडी नीळ मिसळून तिनं पिसाऱ्याचा हिरवा केला, आणि पांढऱ्या खडूचे डोळे पिसाऱ्यावर असे टपटप दिले, की तो मोर आत्ता अंग झटकील असं वाटावं. गावची माणसं बैलं थांबवून बघायला लागली. रामीबाईसुद्धा आली, हनुवटीला बोट लावून उभी राहिली आणि म्हणाली, "माती वाया नाई गेली, बाई."

बापूजी आले. उंच, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले, कमी बोलणारे. बेबीला पाहिलं, पाहुणचार घेतला, "घरी इचारून सांगतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी नानाजी त्यांना मोटारीवर सोडायला रेंगीत घेऊन निघाले. पुंडलिक बैलं हाकत होता. वाटेत माघाचं ते आभाळ भरून आलं आणि बारीक रिमझिम लागली. मोठी नाहीच, धोतर भिजू नये इतकीच. बापूजी मागच्या फळीला टेकून निवांत बसले होते.

पांढरकवड्याच्या मोटार-अड्ड्यावर ते खाली उतरले आणि पाठमोरे झाले, तेव्हा चहाच्या टपरीवरचा एक माणूस ओरडला, "अरे पाहा बे! बुढ्याच्या पाठीवर मोर!"

अख्खा मोर छापला गेला होता. निळी मान, पिसारा, पांढरे डोळे, सगळं उलटं, पण हुबेहूब. अड्डा हसला. कंडक्टर म्हणाला, "मोराले तिकीट लागन, बुवा." बापूजींनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला, काही दिसेना, तेव्हा गोल फिरले, आणि लोक आणखीच हसले. मग ते मोटारीत जाऊन बसले. मोटार हलेपर्यंत त्यांनी नानाजींकडं पाहिलं नाही.

घरी आल्यावर नानाजींनी बादली घेतली आणि रेंगी स्वतः धुतली. लाल-पिवळं पाणी अंगणातून वाहत गोठ्यापर्यंत गेलं. कोंबड्या त्यात पाय बुडवून चालल्या आणि साऱ्या अंगणभर रंगीत पावलं उमटली. पंचफुला दाराआड उभी राहून ते बघत होती. रडू येत होतं, आणि त्या पावलांकडं बघून हसूही, आणि आपल्याला हसू येतंय याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

बेबी तिच्याशी बोलेनाशी झाली. एकत्र दळायला बसायच्या, जातं फिरायचं, पण बेबीचं तोंड भिंतीकडं. गावात तर बोलायला विषयच झाला. पुंडलिक वावरात निघाला की कुणीतरी विचारायचंच, "काय पुंडलिक, बायकोनं आणखी कोणाच्या पाठीवर मोर काढला का?" पुंडलिक हसण्यावारी न्यायचा. रात्री मात्र तो तिला म्हणाला, "मोर चांगला होता, पण. छापला गेला तरी मोडला नाई कोठी."

"तुमाले हासाले सुचते," ती म्हणाली. पण त्या बोलण्यानं तिला झोप लागली.

पुन्हा एकदा पावसाची सर आली, त्या दिवशी ती तेल आणायला निघाली होती. डोक्यावर पोतं घेऊन ती वेशीजवळच्या मारुतीपाशी थबकली. मारुतीवर छप्पर नाही. पाणी त्याच्या डोक्यावरून, गालांवरून, पोटावरून वाहत खाली येत होतं, आणि खाली पडणारं पाणी स्वच्छ होतं. शेंदूर जसाच्या तसा. तिनं हळूच बोट लावलं, पदरावर घासलं. पदर कोरा. किती पावसाळे झेलले असतील यानं! आजवर रोज इथून गेले आणि हे दिसलं कसं नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

गोमाजी तेल्याच्या घाण्यावर बैल फिरत होता. पंचफुलेनं भांडं पुढं करायच्या आधीच विचारलं, "गोमाजीबुवा, मारुतीच्या शेंदरात कोणतं तेल घालतात?"

"जे असते ते. काहून?"

"पण वाळून घट्ट होते ते कोणतं?"

गोमाजी हसला. घाण्याच्या तोंडाशी, जिथून तेल गळायचं, तिथं लाकडावर तपकिरी चकचकीत साल धरली होती. "हे पाह्य. जवसाचं. तिळाचं तेल चिकट राह्यते, जवसाचं वाळून कातडं होते. मी कितीखेप खरडतो, निंगत नाई."

तिनं नखानं खरडून पाहिलं. नख मोडलं.

त्या दिवशी घरी आलेलं जवसाचं तेल सगळंच फोडणीला गेलं नाही. पंचफुलेनं गेरू वस्त्रगाळ केला, तेलात घोटला आणि कुऱ्हाडीच्या दांड्यावर एक पट्टा ओढला. आणि वाट पाहत बसली. मातीचा रंग घटकेत वाळायचा. तेलाचा रंग दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होता, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी पुंडलिकनं ती कुऱ्हाड घेऊन लाकूड फोडलं, तेव्हा त्याचे तळहात कोरे राहिले. मग तिला उमगत गेलं, की तेलात प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा आहे. गेरू शहाणा, लवकर बसतो. पिवळी माती त्याच्यामागोमाग. काजळ हट्टी, आठवडा झाला तरी ओलं. तेल आधी उकळून घेतलं तर तेही जरा लवकर ऐकतं, हे तिला फोडणीचं तेल चुलीवर विसरल्यामुळं कळलं. त्याबद्दल तिनं इंदूबाईच्या शिव्या खाल्ल्या. पण शिव्या खाताना तिचं लक्ष कढईच्या काठावर वाळलेल्या थेंबाकडंच होतं.

"मी का म्हणून राह्यली, ऐकून राह्यली का तू?" इंदूबाई ओरडली.

"हो, मामी. लवकर वाळला."

"काय वाळला?"

पांढऱ्यानं मात्र तिला रडवलं. खडू तेलात कालवला की दिसेनासाच व्हायचा. लावताना मळकट, वाळल्यावर तेलाचा नुसता डाग. चुना घातला तर तेल फाटल्यासारखं व्हायचं. जास्त खडू घातला, घट्ट केला, दोनदा दिला. पांढरा काही उजळेना. आणि पांढऱ्याशिवाय मोराला डोळे कसे देणार? तिनं कुदळीचा दांडा रंगवला, पाटाची मागची बाजू रंगवली, गोठ्याची खुंटी रंगवली. घरातली जी वस्तू उचलावी तिच्याखाली एक लाल-काळी चाचणी असायची. इंदूबाई कपाळाला हात लावायची.

तेवढ्यात आर्णीकडून निरोप आला. रूपसिंग म्हणून एक बंजारा गाडीवान त्या बाजूनं माल घेऊन आला होता, तो दारात बैलं न सोडताच म्हणाला, "बापूजीनं सांगितलं, पोरगी पसंत. पोराले घेऊन येतो. मोटारीवर गाडी पाठवजा म्हणे." आणि मग मिशीत हसला. "आणखी सांगितलं, या खेपेस पांढरं घालून येत नाई."

घरात एकदम हसू फुटलं. बेबी आतल्या खोलीत पळाली, आणि मागून पंचफुला गेली, तर बेबी तिच्या गळ्यात पडून हसतही होती आणि रडतही होती. "वयनी, मी तुमच्याशी किती दिवस बोलली नाई व!"

"मीबी कामातच होती," पंचफुला म्हणाली.

नानाजी म्हणाले, गाडी कोरीच जाईल. पंचफुलेनं कुऱ्हाड आणली आणि त्यांच्यापुढं ठेवली. नानाजींनी दांडा बघितला. मग तांब्या घेऊन त्यावर पाणी ओतलं, थोडं थांबले, आणि आपल्या धुतलेल्या धोतराच्या सोग्यानं जोर लावून घासलं. सोगा उलटासुलटा करून बघितला. पुन्हा घासलं.

"मामी इकडं या," त्यांनी सुनेच्याच शब्दात बायकोला हाक मारली. "पाह्यतं का हे?"

इंदूबाईनं पाहिलं. "तुरीचं खळं तोंडावर हाय," ती म्हणाली. "खळं झाल्यावर रंगवायची असन ते रंगवा."

खळं काही थांबणार नव्हतं. दिवसभर तूर बडवायची, शेंगा फुटून दाणे उडायचे, अंगाला खाज सुटायची, डोळ्यांत, केसांत, कानांत कुटार. दुपारी माणसं झाडाखाली आडवी झाली की पंचफुला डोकं झटकून रेंगीपाशी यायची. बेबी तेल घोटून द्यायला लागली होती. एक दिवस वारा सुटला आणि ओल्या रंगावर कुटाराचा लोट येऊन बसला. मोराच्या अख्ख्या मानेवर बारीक भुसा. पंचफुला काडीनं एकेक कण काढत बसली. काही निघाले, काही रंगातच रुतले. शेवटी चिडून तिनं रेंगी गोठ्यात ढकलायला लावली. नानाजी आणि पुंडलिक दोघांनी जू धरलं, आणि इंदूबाईनं बोलत बोलत का होईना, म्हैस बाहेर काढली.

गोठ्यात उजेड कमी. दारातून दुपारचं ऊन आत यायचं आणि बरोबर मागच्या फळीवर पडायचं. मोराची मान, छाती, पिसारा झाला होता. डोळेच तेवढे राहिले होते, आणि ते कसे द्यायचे ते तिला सुचत नव्हतं. काडी हातात घेऊन ती बसून राहिली. ज्या जागी अजून रंग गेला नव्हता, तिथं कोऱ्या सागवानावर ऊन पडून ती जागा सोन्यासारखी पिवळसर दिसत होती. भोवतीच्या काळ्या-हिरव्यात ती जागाच जास्त बोलत होती. पंचफुलेनं काडी खाली ठेवली. मग उचलली, काजळात बुडवली, आणि डोळे काढण्याऐवजी डोळ्यांच्या भोवतीनं रंग भरायला लागली. जिथं पांढरा द्यायचा तिथं लाकूड तसंच सोडलं. एक डोळा, मग दुसरा. काडी अगदी सावकाश चालत होती, कारण आता चुकलं तर लाकूड परत मिळणार नव्हतं. मातीच्या रंगात चुकलं की पुसता यायचं. इथं जे सोडायचं ते आधीच ठरवायला लागत होतं.

बेबी दारात आली. बराच वेळ बघून म्हणाली, "वयनी, डोळे उघडले व त्यानं."

बापूजी आले ते काळा कोट घालून. पोरगा मागं, लाजलेला. मोटार-अड्ड्यावर बापूजी आधी रेंगीभोवती फिरले. मग बोटाला थुंकी लावून मोरावर घासली, बोट डोळ्यांपुढं धरलं. पुंडलिक बैलांच्या कानांशी उगाच काहीतरी करत उभा होता. वाटेत नाल्याला पाणी होतं. बैल उतरले, चाकानं पाणी उडवलं, थेट मागच्या फळीवर, बापूजींच्या खांद्यावर. घरापुढं उतरल्याबरोबर बापूजींनी कोट काढला, आणि त्याची पाठ नानाजींपुढं धरली.

"पाहा, व्याही. हाय का काही?"

"काहीच नाई," नानाजी म्हणाले.

"मंग थोडा निराश झालो म्हणा ना," बापूजी म्हणाले, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "घरच्या बायांनी तो सदरा धुतला नाई. पोरं पाह्याले येते." चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "डोळ्याले कोणता रंग देला? पिवळाबी नाई, पांढराबी नाई."

पंचफुला दाराआडून म्हणाली, "रंग नाई, बापूजी. लाकूडच हाय ते."

बापूजी उठले आणि पुन्हा बाहेर जाऊन बघून आले. लग्न चैतात ठरलं.

पाहुणे गेल्यावर, दुपारी, घरात कुणी नसताना इंदूबाई पंचफुलेपाशी येऊन बसली. पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"माह्या खोलीच्या दारावर काही काढशीन का?" ती म्हणाली. "आतल्या अंगानं काढजो. बाहीरून नको. मले दिसलं म्हंजे झालं."

"काय काढू, मामी?"

"चित्र-बित्र नको. रंग पायजे." इंदूबाईनं पुन्हा गाठ सोडली. "माही माय मी लहान असताना गेली. तिचं तोंड आठवत नाई मले. लुगडं आठवते. तिच्या मांडीवर निजली का हे एवढं जवळ असे. लाल होतं, पण लाल नाई म्हणता येणार. धुऊन धुऊन राह्यलेलं लाल."

पंचफुलेनं इतके दिवस रंग जाऊ नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. गेलेला रंग कसा काढायचा, हे तिनं कधी मनातच आणलं नव्हतं. तिनं गेरू तेलात घोटला, थोडी पिवळी माती टाकली, दाराच्या एका फळीवर पट्टा ओढला.

"नाई. हे तर नवं लुगडं झालं."

तेल वाढवलं. "हे?"

"नाई व. हे भिजलेलं."

काजळाचा कण घातला, तर इंदूबाईनं नुसती मान हलवली. मग पंचफुलेनं फडकं घेतलं आणि ओला रंग पुसायला लागली. दाबून नाही, धुणं पिळल्यावर झटकतात तसं हलक्या हातानं. रंग फळीच्या रेषांत उतरला आणि वरून विरळ झाला. कुठं लाल, कुठं लाकूड, कुठं दोन्ही. इंदूबाई पुढं सरकली. दाराला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"इथं आणखी गेलं होतं," ती हळू म्हणाली. "मांडीवर. मी डोकं घासो तिथं."

"मंग तुमीच पुसा, मामी."

इंदूबाईनं फडकं हातात घेतलं. कापूस वेचणारी, तूर बडवणारी ती जाड बोटं आधी बिचकली, मग पुसायला लागली. थांबून बघायची, पुन्हा पुसायची. पंचफुला शेजारी बसून ओल्या कडेला बोटानं रंग पुढं सारत होती. दोघींचे हात कोपरांपर्यंत लाल झाले होते.

अंगणातून नानाजींची हाक आली, "घरात हाय का कोणी? च्या टाकता का?"

"थांबा जराक," इंदूबाई दारावरची नजर न काढता ओरडली. "आमी काम करून राह्यलो."